आधी पाय, मग बैठक, मग ट्यूबा

वाचकाचे पत्र :

सप्रेम नमस्कार. आम्ही गेली काही वर्षे अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो. माझी मुलगी 13 वर्षांची असून सातवीत शिकते आणि शाळेच्या बँडमध्ये ट्यूबा हे फुंकून वाजवायचे मोठे, खर्जातले पितळी वाद्य वाजवते. तिची उंची 4 फूट 9 इंच आहे. यंदा तिची वरच्या बँडमध्ये निवड झाली आणि तिथे तिला पूर्ण मापाचा ट्यूबा मिळाला. वाद्य खुर्चीवर टेकवून ती ताठ बसली, की माउthपीस (ओठांना लावून फुंकायचे टोक) ओठांशी न येता डोळ्यांशी येतो. त्यामुळे ती खुर्चीच्या कडेवर सरकते, टाचा उचलते आणि हनुवटी वर करून वाजवते. तासाभराने मान आणि उजवा खांदा दुखू लागतो. शेजारची मुलगी साधारण हिच्याच उंचीची आहे आणि बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवते. तिचे वाद्य जमिनीला लागत होते, म्हणून सरांनी तिला उंच स्टूल दिले आणि तिचा प्रश्न सुटला. हिलाही तसेच स्टूल दिले, पण माउथपीस होता तिथेच राहिला आणि पाय मात्र आणखी अधांतरी लोंबू लागले. लहान मापाचा ट्यूबा घे म्हटले, तर ‘तो सहावीतल्या मुलांचा आहे’ म्हणून ती चिडते. पुण्याहून तिची आजी फोनवर सांगते, की एखादे बासरीएवढे वाद्य घे. उपयोगी पडतील म्हणून मापे घेऊन ठेवली आहेत. शाळेतली खुर्ची 45 सेंटिमीटर उंच आहे. बूट घातल्यावर मुलीच्या गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत 36 सेंटिमीटर भरतात. ती ताठ बसली असता बैठकीपासून ओठांपर्यंत 57, आणि वाजवण्याच्या स्थितीत ट्यूबाच्या तळापासून माउथपीसपर्यंत 64 सेंटिमीटर आहेत. पुढच्या वर्षानंतर हायस्कूल आणि तिथे मार्चिंग बँड, म्हणजे चालत वाजवायचे, त्याचीही काळजी वाटते. काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. मापे घेऊन पाठवलीत हे फार चांगले केलेत, कारण या प्रश्नाचे जवळजवळ सगळे उत्तर त्या चार आकड्यांतच आहे. 45 मधून 36 वजा केले की 9 सेंटिमीटर उरतात, तेवढे तुमच्या मुलीचे पाय जमिनीपासून वर राहतात. 64 मधून 57 वजा केले की 7 उरतात, तेवढा माउथपीस तिच्या ओठांच्या वर राहतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी शोधावी लागतात. सरांनी दिलेल्या स्टुलाने पहिला प्रश्न वाढवला आणि दुसऱ्याला हातच लावला नाही.

त्यांचा हेतू चांगलाच होता आणि शेजारच्या मुलीच्या बाबतीत त्यांचा उपाय बिनचूकही होता, म्हणून हिच्या बाबतीत तो का फसला हे नीट समजून घेऊ. कोणतेही मोठे सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायचे, वाद्य बसून वाजवताना त्याचा भार कशावर तरी टेकलेला असतो, आणि तो कशावर टेकला आहे यावरच उपाय ठरतो. बॅरिटोन सॅक्सोफोन पट्ट्याने गळ्यातून किंवा खांद्यांवरून लटकतो, म्हणजे तो वादकाच्या शरीरावर अवलंबून असतो. वादकाला उंच बसवले की वाद्यही त्याच्याबरोबर वर जाते, तळाचे वळण जमिनीपासून सुटते आणि माउथपीस आधीच ओठांशी जुळवलेला असल्यामुळे तो तसाच राहतो. बास क्लॅरिनेट किंवा काँट्राबसून यांना खाली धातूचा खुंट असतो आणि ती जमिनीवर उभी राहतात. तिथे बैठक उंच केली की वादकाचे तोंड वर जाते आणि वाद्य मात्र जागेवरच राहते, म्हणून बैठकीच्या उंचीने त्यांचा प्रश्न खरोखरच सुटू शकतो. बसूनची तऱ्हा आणखी निराळी आहे. त्याचा पट्टा खुर्चीवर मांड्यांखालून जातो आणि तो ओढला किंवा सैल सोडला की वाद्य वरखाली होते. ट्यूबा मात्र, तुमची मुलगी वाजवते त्या पद्धतीत, मांड्यांच्या मधे त्याच खुर्चीच्या पुढच्या भागावर टेकलेला असतो. खुर्ची वर गेली की मुलगी आणि ट्यूबा दोघेही सारखेच वर जातात. स्टूल 60 सेंटिमीटरचे असो की 75 चे, 64 वजा 57 हे सातच राहणार.

म्हणून मुलीची बैठक आणि ट्यूबाची बैठक या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवायला हव्यात आणि त्यांतली ट्यूबाची बैठक 7 सेंटिमीटरने खाली असायला हवी. ते कसे साधायचे याचे तीन मार्ग आहेत आणि ते पुढे सांगतो. पण त्याआधी मुलीला नीट बसवू, कारण बहुतेक ठिकाणी क्रम नेमका उलटा लावला जातो. आधी वाद्य ठेवले जाते, मग मुलाला त्याच्याभोवती वाकवले जाते आणि पायांचा विचार झालाच तर सर्वांत शेवटी होतो.

ट्यूबा बाजूला ठेवा आणि मुलीला नुसतेच खुर्चीवर बसवा. दोन्ही तळवे टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण टेकलेले हवेत, गुडघे कमरेच्या पातळीच्या किंचित खाली हवेत आणि शरीराचा भार माकडहाडावर न येता त्याच्या पुढच्या, बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. पाठ खुर्चीला टेकवायची नाही, पण ती ताणायचीही नाही. याची एक सोपी परीक्षा आहे : पुढे झोका न घेता आणि हातांचा आधार न घेता तिला सहज उठून उभे राहता आले पाहिजे. पाय 9 सेंटिमीटर अधांतरी असतील तर हे शक्यच नाही. अधांतरी पायांचे वजन मांड्यांच्या मागच्या बाजूवर येते, मुलगी टाचा उचलून कडेवर सरकते किंवा कंबर मागे लोटून पोक काढते, आणि दोन्ही स्थितींत पोटाच्या खालच्या भागाला आणि खालच्या फासळ्यांना श्वासाबरोबर मोकळेपणाने फुलता येत नाही. ट्यूबासारख्या वाद्यात खालच्या पट्टीतला लांब स्वर धरायला हवा भराभर खर्ची पडते, त्यामुळे ही अडचण ट्यूबावाल्याला फार लवकर जाणवते. त्यातच हनुवटी वर केली की मानेचा मागचा भाग आखडतो, गळा ताणला जातो आणि माउथपीसचा दाब दोन्ही ओठांवर सारखा न पडता एकाच ओठावर पडतो. वाजवून झाल्यावर तिच्या ओठांवरचे वळ पाहा. एकाच ओठावर खोल, अर्धवट कडे उमटलेले दिसले, तर माउथपीस चुकीच्या कोनातून येतो आहे असे समजा.

शाळेतल्या अनेक खुर्च्यांची, विशेषतः घडीच्या लोखंडी आणि साच्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची, आणखी एक खोड असते. त्यांची बैठक मागच्या बाजूला उतरती असते. आरामात टेकून बसणाऱ्यासाठी ती सोय आहे, वादकासाठी मात्र ती कंबर मागे ओढणारी घसरगुंडी ठरते. खुर्चीवर एखादी गोटी ठेवून पाहा. ती मागे घरंगळली, तर मागच्या कडेला जाड आणि पुढे निमुळती होत जाणारी फोमची पाचर घालायला हवी. अशा तयार उशा मिळतात. चेलोवादक त्या वापरतात.

आता पहिला मार्ग. हा तुम्हाला आज संध्याकाळी घरीच करून पाहता येईल. साध्या 45 सेंटिमीटरच्या खुर्चीवर मागच्या बाजूला, बैठकीच्या निम्म्याहून थोड्या अधिक भागावर, 7 सेंटिमीटर जाडीची घट्ट बैठक तयार करा. सोफ्याची उशी चालणार नाही, कारण ती मुलीच्या वजनाने निम्मी दबेल आणि सगळा हिशेब वाया जाईल. सतरंजीची किंवा व्यायामाच्या मॅटची कडक घडी चांगली, आणि जाडी मोजायची ती मुलगी बसल्यानंतरची. ती त्या घडीवर बसेल आणि ट्यूबाचा तळ तिच्या पुढ्यात खुर्चीच्या उघड्या भागावर टेकेल. खुर्ची घसरडी असेल तर ट्यूबाखाली रबरी जाळीचा तुकडा घाला. आता मुलगी जमिनीपासून 52 सेंटिमीटरवर बसली आहे आणि तिचे पाय 36 चे आहेत, म्हणजे पायांखाली 16 सेंटिमीटर उंचीचा आधार हवा. पाटाने भागणार नाही, पण घरात एखादा बुटका चौरंग असेल तर तो बहुधा या उंचीच्या जवळपास भरेल. (पूजेचा असेल तर आधी आजींची परवानगी काढा.) चौरंग एवढा रुंद हवा, की ट्यूबासाठी पाय फाकवल्यावरही दोन्ही तळवे त्यावर पूर्ण मावतील, आणि त्याच्या खुरांना रबर लावलेले असावे. योगासनांचे फोमचे ठोकळे एकावर एक रचण्याचा मोह होईल, तो टाळा. एका थराला ते ठीक असतात, दोन थर मात्र पायाखालून सरकतात आणि हातात आठ-दहा किलोचे पितळ असताना पाय सरकणे परवडणारे नाही.

या मांडणीत मुलगी बसली की ट्यूबा तुम्ही उचलून तिच्यापुढे ठेवा आणि तिला डोळे मिटून, मान न हलवता, तोंड नेहमीप्रमाणे सरळ ठेवायला सांगा. माउथपीस ओठांपाशी आपोआप आला पाहिजे. एक-दोन सेंटिमीटरचा फरक राहिला तर घडी कमीजास्त करा आणि पायांचा आधारही त्याच मापाने बदला. फोन बैठकीच्या उंचीवर ठेवून बाजूने छायाचित्र काढा आणि जुन्या स्थितीतल्या छायाचित्राशेजारी ठेवून पाहा. कान, खांदा आणि कंबर साधारण एका उभ्या रेषेत आली असतील तर मांडणी जमली. हे छायाचित्र पुढे सरांशी बोलतानाही उपयोगी पडेल.

घरच्या सरावासाठी एवढे पुरेसे आहे. शाळेत मात्र रोज घडी आणि चौरंग मांडायचे तिच्या जिवावर येईल, आणि तेही साहजिकच आहे. तिथे दुसरा मार्ग बरा : ट्यूबा खुर्चीवर न टेकवता वाजवण्यासाठीच्या स्वतंत्र स्टँडवर टेकवायचा. हा स्टँड म्हणजे वाद्य नुसते ठेवून देण्याचा स्टँड नव्हे. वादकाच्या दोन पायांच्या मधे उभी राहणारी, उंची कमीजास्त करता येणारी ती तिवई असते. वर ट्यूबाच्या तळाचे वळण बसेल असा रबर लावलेला खोबणा असतो, आणि वाजवताना वाद्याचा भार तोच घेतो. तुमच्या हिशेबात खुर्ची 45 चीच ठेवली, तर स्टँडचा खोबणा जमिनीपासून 38 सेंटिमीटरवर यायला हवा आणि पायांखाली 9 सेंटिमीटरचा आधार हवा. शाळेत 14 इंची, म्हणजे सुमारे 35.5 सेंटिमीटरची बुटकी खुर्ची असेल तर पायांचा प्रश्नच मिटतो, पण मग खोबणा 28 ते 29 सेंटिमीटरवर आणावा लागतो. म्हणून स्टँड घेण्यापूर्वी त्याची कमाल उंची नव्हे, तर किमान उंची पाहा. यातले अनेक स्टँड उंच वादकांचा विचार करून बनवलेले असतात, कारण त्यांची अडचण उलटी असते. त्यांच्यासाठी माउथपीस फार खाली येतो आणि त्यांना ट्यूबा वर उचलून हवा असतो. स्टँडला पर्याय म्हणून एखादी मजबूत अरुंद पेटी चालू शकते, फक्त तिची रुंदी वीतभरापेक्षा जास्त नको, नाहीतर पाय अवास्तव फाकवावे लागतात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर बुटक्या खुर्चीपेक्षा नेहमीची खुर्ची आणि पायाखाली फळी हीच जोडी शाळेसाठी जास्त सोयीची आहे. ट्यूबा बँडमध्ये मागच्या रांगेत बसतो. पुढे ट्रॉम्बोन आणि युफोनियम असतात. 4 फूट 9 इंचांच्या मुलीला 14 इंची खुर्चीवर बसवले तर तिला सर दिसणार नाहीत आणि सरांना ती दिसणार नाही. मग हनुवटी पुन्हा वर जाईल, यावेळी कारण निराळे असेल इतकेच. शाळेच्या लाकूडकामाच्या वर्गात 9 सेंटिमीटर उंचीची, वर खरखरीत पट्टी लावलेली फळी तयार करणे अवघड नाही. स्टँडचे पाय बसावेत म्हणून तिच्या मधोमध खाच ठेवायची, किंवा दोन पायांना दोन स्वतंत्र फळ्या करायच्या.

तिसरा मार्ग तुमच्या मुलीला आवडत नाही, पण तो मी सर्वांत आधी सुचवला असता. सहावीच्या वर्गासाठी शाळा बहुधा लहान ट्यूबा ठेवतातच. त्यांना तीन-चतुर्थांश मापाचे म्हणतात, आणि या नावामुळेच सगळा गैरसमज होतो. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी सुमारे 18 फूट लांब असते. तीन-चतुर्थांश मापाच्या बी-फ्लॅट ट्यूबातही ती तेवढीच असते, कारण लांबी बदलली तर स्वरच बदलेल. कमी होते ते नळीचे पोट, भोंग्याचा घेर, एकूण उंची आणि वजन. वजनात दोन-तीन किलोंचा फरक सहज पडतो आणि माउथपीस बसतो ती नळीही बहुधा खाली येते. बोटांची जागा तीच, स्वरलिपी तीच आणि सूरही तेच राहतात. आवाजाचा भरणा थोडा हलका होतो, हे खरे आहे आणि ते तिच्यापासून लपवू नका. पण सातवीच्या बँडमध्ये ताठ बसून, पोटभर श्वास घेऊन वाजवलेला लहान ट्यूबा मान ताणून वाजवलेल्या मोठ्या ट्यूबापेक्षा भरदारच वाजतो. व्यावसायिक वादकही पाच जणांच्या ब्रास पथकात वाजवताना मुद्दाम आटोपशीर ट्यूबा निवडतात. ही मापे सर्व कंपन्यांची एकसारखी नसतात. एका कंपनीचा तीन-चतुर्थांश हा दुसरीच्या पूर्ण मापाएवढा उंच असू शकतो, म्हणून नावावर न जाता तळापासून माउथपीसपर्यंतचे अंतर टेपने मोजा. ते 57 च्या आसपास भरले, तर पायांखाली 9 सेंटिमीटरची फळी ठेवण्यापलीकडे काहीच करावे लागणार नाही. मुलीला हा आकडा दाखवून, दोन्ही वाद्ये एकाच दिवशी वाजवायला देऊन आणि दोन्हीचे ध्वनिमुद्रण तिलाच ऐकवून निर्णय तिच्यावर सोपवा. ‘सहावीतल्या मुलांचा’ हा आक्षेप वादाने जाणार नाही, पण स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर कदाचित जाईल.

काही उपाय मुले आपसांत शिकतात, त्यांच्यापासून सावध राहा. ट्यूबा एका बाजूला बराच कलता केला की माउथपीस खाली येतो हे खरे, पण मग पाठीचा कणा त्याच दिशेला पिळतो आणि तासभर तसे बसणे मानेइतकेच महागात पडते. थोडासा कल स्वाभाविक असतो. जो कल सांभाळण्यासाठी डाव्या हाताला सतत वाद्य धरून ठेवावे लागते, तो जास्त झाला. खुर्चीच्या अगदी कडेवर बसून ट्यूबा मांडीच्या आत खाली लोंबता धरणे हा दुसरा प्रकार. त्यात दोन्ही हात भार उचलण्यातच गुंततात. आणि नळीला बाक देऊन माउथपीस खाली आणण्याची कल्पना कुणी सुचवली तर स्पष्ट नकार द्या. वाद्य शाळेचे आहे आणि मुलगी वर्षभरात वाढणार आहे.

उजवा खांदा दुखतो असे लिहिले आहे. ट्यूबाचे पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, वरच्या बाजूला असतील, तर वाद्य 7 सेंटिमीटर वर असताना बोटे पिस्टनवर पोहोचवण्यासाठी तिला कोपर आणि खांदा उचलून धरावे लागतात, आणि बहुधा दुखण्याचे कारण तेच आहे. वाद्य खाली आले की खांदाही खाली यायला हवा. तो तरीही वरच राहिला तर ती सवय आहे आणि आरशासमोर बसून काही दिवसांत मोडता येते. पिस्टन पुढच्या बाजूला असलेले ट्यूबाही असतात, आखूड हातांना ते अधिक सोपे पडतात. शाळेच्या साठ्यात असा एखादा असेल तर तोही मोजून पाहायला मागा. स्वरलिपीचे स्टँड दोघींत मिळून वापरू नये. ट्यूबाच्या धडाला वळसा न घालता, मान न वळवता कागद दिसेल अशा जागी तिचे स्वतःचे स्टँड असावे.

नवी मांडणी जमेपर्यंत सलग तासभर वाजवू देऊ नका. 15-20 मिनिटांनी वाद्य खाली ठेवून उठणे, हात सोडणे आणि थोडे चालणे पुरे. वाद्य उचलताना भोंग्याला धरून उचलायचे नाही, आणि पेटीसह जिना चढणे तर टाळाच. अनेक शाळांमध्ये एक ट्यूबा घरी आणि एक शाळेत अशी व्यवस्था करता येते, म्हणजे मुलांना रोज फक्त माउथपीसच न्यावा लागतो. ही मागणी करण्यात संकोच बाळगू नका. बैठक दुरुस्त करूनही दोन आठवड्यांनंतर मान दुखत राहिली, किंवा हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे, वाजवताना डोके दुखणे असे काही दिसले, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा आणि वाजवतानाचे छायाचित्र सोबत न्या.

सरांना लिहिताना स्टुलाबद्दल तक्रारीचा सूर नको. चार मापे, दोन छायाचित्रे आणि एकच विनंती पुरे : ‘खुर्ची उंच केल्याने वाद्यही वर जाते, म्हणून वाद्याची बैठक 7 सेंटिमीटरने खाली आणि पायांखाली 9 सेंटिमीटरचा आधार अशी सोय करता येईल का, आणि तोपर्यंत साठ्यातला लहान ट्यूबा मोजून पाहता येईल का?’ ज्यांनी सॅक्सोफोनवालीची अडचण पाहून स्वतःहून स्टूल आणले, ते सर आकडे पाहून नक्की ऐकतील. त्या मुलीच्या स्टुलाखालीही पायांना आधार लागतो, हेही जाता जाता सुचवा.

आजींचे म्हणणे मायेपोटी आहे आणि त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. आपल्याकडे मोठी पितळी वाद्ये पाहायची सवय ती लग्नाच्या वरातीत किंवा पोलिसांच्या संचलनात, धिप्पाड पुरुषांच्या खांद्यांवर. मुळात हे वाद्य जन्मालाच लष्करी बँडसाठी आले. 1835 मध्ये बर्लिनचे बँडप्रमुख वीपरेख्ट आणि वाद्ये बनवणारे मोरिट्झ यांनी त्याचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांच्या नजरेपुढे प्रशियाचे सैनिक होते, सातवीतल्या मुली नव्हत्या. पण 2006 मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने ट्यूबाच्या प्रमुख जागेसाठी कॅरोल यान्च या तरुणीची निवड केली, तेव्हा तिचे विद्यापीठाचे शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते. तिचे एखादे वादन आजींना ऐकवा. वाद्य बदलायचे की नाही हे मुलीच्या आवडीवर ठरू द्या. 7 सेंटिमीटरसाठी ते बदलण्याचे काहीच कारण नाही.

मार्चिंग बँडची काळजी आताच करू नका. तिथे बहुधा सूझाफोन, म्हणजे चालत वाजवण्यासाठीचा ट्यूबा, असतो. तो अंगाभोवती वेढून डाव्या खांद्यावर टेकतो, म्हणजे पुन्हा शरीरावर अवलंबून असलेले वाद्य. वाद्याच्या मानेशी माउथपीसच्या आधी दोन छोट्या वाकड्या नळ्या असतात. त्या फिरवून माउथपीस वर, खाली, पुढे, मागे हवा तसा आणता येतो, त्यामुळे उंचीचा प्रश्न ट्यूबाइतका बिकट होत नाही. तिथे प्रश्न असेल तो वजनाचा. पितळी सूझाफोनपेक्षा फायबरग्लासचा बराच हलका असतो, त्याची चौकशी आठवीच्या अखेरीस, वाद्ये वाटली जाण्यापूर्वी करा, आणि खांद्यावर घालायची जाड गादीही तेव्हाच मागून ठेवा. तोपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी तीच चार मापे पुन्हा घ्या. या वयात पाय आणि धड एकाच वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे 9 आणि 7 हे दोन्ही आकडे बदलत राहतील, आणि फळीची उंची व सतरंजीची घडी त्यांच्याबरोबर बदलावी लागेल.